भुवयांमधली आठी

प्रश्न : वय ४७. दोन भुवयांच्या मध्ये दोन उभ्या आठ्या आहेत. न रागावताही लोक विचारतात, ‘काय झालं?’ तीन वर्षांपासून दर चार महिन्यांनी बोटॉक्सची (स्नायू काही महिने सैल ठेवणारी) सुई घेते. आता कंटाळा आला. ऑपरेशनने हे कायमचं जातं म्हणतात. करावं का? — एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : हे ऑपरेशन म्हणजे आठी पाडणारा स्नायू काढणं. आधी आरशासमोर एक काम करा. कपाळ सैल सोडा आणि दोन बोटांनी भुवया बाहेरच्या बाजूला ताणा. आठी पुसली गेली तर दोष बहुतेक स्नायूच्या ओढीचा आहे. चरा तसाच राहिला तर तो कातडीत उमटलाय, आणि स्नायू काढून चरा जात नाही. त्याला लेझर किंवा चरबी भरणं वेगळं लागतं. इथेच बहुतेकांची निराशा होते.

ओढणारा मुख्य स्नायू कॉरुगेटर. तो नाकाच्या मुळाजवळच्या हाडापासून निघून तिरका वर, भुवईच्या मध्यावरच्या कातडीत शिरतो. नाकाच्या मुळावरची आडवी रेघ मात्र प्रोसेरस या दुसऱ्या स्नायूची. कॉरुगेटर वरच्या पापणीच्या घडीतून छेद देऊन काढता येतो, किंवा केसांच्या रेषेमागे लहान छेद देऊन दुर्बिणीतून. पापणीवरची कातडीही लोंबत असेल तर पहिला मार्ग सोयीचा, कारण त्याच छेदात तीही काढता येते.

खरी कसोटी तिथून जाणाऱ्या संवेदना-नसांची. त्या ताणल्या गेल्या तर कपाळ ते टाळू बधिर होतं. बरेचदा काही आठवडे ते महिन्यांत उतरतं, क्वचित राहूनही जातं. स्नायू अर्धवट काढला तर उरलेला भाग रागावताना भुवईवर गोळा होतो आणि आठी परतते. जास्त काढून पोकळी तशीच सोडली तर खळगा दिसतो, म्हणून तिथे थोडी चरबी भरतात. भुवयांची आतली टोकं वर चढून चेहरा कायम दचकल्यासारखा दिसणं, हाही धोका आहे. टाके साधारण ५ ते ७ दिवसांत निघतात, सूज-काळेनिळेपणा दोन आठवडे धरा. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा, स्वतःहून बंद करू नका.

बोटॉक्सची तीन वर्षं वाया गेली नाहीत, ती ऑपरेशनची रंगीत तालीमच होती. भुवयांमध्ये नेहमीचा डोस पाच ठिकाणी मिळून २० युनिट. तो लागू असताना चेहरा आवडला असेल, तरच पुढे जा. नाहीतर सुईच बरी, तिची चूक काही महिन्यांत आपोआप उतरते.

तारीख नोव्हेंबरनंतरची घ्या. मे महिन्यात ४५ अंशांत, ओल्या जखमेवर घाम आणि धूळ कशाला? आणि गॉगलशिवाय गाडी चालवत असाल तर आजच घाला. उन्हात डोळे बारीक करण्याची सवय ऑपरेशन सोडवत नाही.

प्रश्न : कपाळावरच्या आडव्या रेघांसाठीही स्नायू काढतात का?

उत्तर : नको. तो स्नायू भुवई वर धरतो. काढला की भुवई डोळ्यावर उतरते.