‘१००% ऑरगॅनिक’ बोर्ड लावला की झालं का?

प्रश्न: आमच्या कोथरूडच्या सोसायटीत दर रविवारी शेतकरी बाजार भरतो. एका स्टॉलवर ‘१००% ऑरगॅनिक’ असा बोर्ड आहे, सर्टिफिकेट विचारलं तर म्हणतो थेट विकणाऱ्याला लागतच नाही, आणि त्याच्याकडेच सफरचंदं पण ठेवलेली असतात! कमिटीत दोन तट पडलेत, काहींचं म्हणणं सर्टिफिकेट नाही तर स्टॉल नाही, बाकीचे म्हणतात शेतकऱ्याला कशाला त्रास. नियम काय ठेवावेत? शिवाय एक काकू घरचं लोणचं विकतात, त्यांना काय लागतं?

उत्तर: ताई, तो माणूस अर्धं खरं बोलतोय. एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षा बघणारं सरकारी प्राधिकरण) २०१७ च्या सेंद्रिय नियमांत छोट्या शेतकऱ्याने किंवा त्यांच्या गटाने स्वतः पिकवलेलं थेट ग्राहकाला विकलं तर सर्टिफिकेटमधून सूट आहे, फक्त मग प्रमाणित सेंद्रिय मालावरचा ‘जैविक भारत’ हा लोगो लावायचा नाही. पण ही सूट पिकवणाऱ्याला आहे हो, मार्केट यार्डातून क्रेट उचलून आणणाऱ्याला नाही, आणि ती सफरचंदं कुठून आली असणार ते तुम्हालाही कळतंय.

म्हणून सर्टिफिकेटवरून भांडण्यापेक्षा आधी ‘पिकवलं कोणी’ एवढंच विचारा. सातबारा मागा, त्यावर ई-पीक पाहणीतली, म्हणजे मोबाइल ॲपवरून केलेली, पिकाची नोंद असते, ती आणि स्टॉलवरचा माल जुळतो का बघा, दहा गुंठ्यांत पालक लावणारा दर आठवड्याला वीस क्रेट पालक आणत असेल तर गडबड आहे. आता वाट्याने शेती करणाऱ्याच्या किंवा बऱ्याच बायकांच्या नावावर सातबारा नसतो, तेव्हा कागदावर अडून बसू नका, कमिटीतल्या दोघांनी सरळ शेतावर चक्कर मारा. मला तर सर्टिफिकेटपेक्षा ही चक्करच जास्त भरवशाची वाटते.

सर्टिफिकेट कोणी दाखवलंच तर त्यात शेत कुठलं, पिकं कुठली ते वाचा, कारण ते त्या शेतापुरतं असतं, अख्ख्या स्टॉलला लागू होत नाही. पीजीएस-इंडिया या सरकारी सर्टिफिकेट पद्धतीत किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो, छोट्यांना हे परवडतं. त्यात ‘पीजीएस-ग्रीन’ म्हणजे शेत अजून सेंद्रियकडे वळतंय, पूर्ण झालेलं नाही, हे विक्रेते बरोब्बर सांगायचं विसरतात. आणि ‘रेसिड्यू फ्री’ म्हणजे सेंद्रिय नव्हे! त्यात फवारणी झालेली असू शकते, फक्त काढणीआधी ठरलेले दिवस थांबून औषधाचे अंश मर्यादेच्या आत ठेवलेले असतात. वाईट काही नाही त्यात, पण बोर्डावर तसंच लिहायला लावा.

‘स्थानिक’ कशाला म्हणायचं ते तुम्हीच ठरवा, माझ्या मते पुणे जिल्हा आणि लगतचे तालुके पुरे, हापूससाठी कोकणाला मुभा द्या, नाहीतर एप्रिलमध्ये लोक तुम्हालाच शिव्या घालतील. वजनकाट्यावर वैधमापनचा (वजनमापं तपासणारं सरकारी खातं) शिक्का हवाच, तो सगळ्यांना.

लोणच्याचं वेगळं. शेतकऱ्याने विकलेल्या ताज्या भाजीला एफएसएसएआयचं रजिस्ट्रेशन लागत नाही पण लोणचं प्रक्रिया केलेलं, त्यामुळे काकूंना छोट्या व्यावसायिकांचं रजिस्ट्रेशन घ्यावं लागेल, ऑनलाइन होतं. बरणीवर रजिस्ट्रेशनचा चौदा आकडी नंबर, घटक, वजन, किंमत, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खायचं ते आणि व्हेजचा हिरवा ठिपका. कैरी घरच्या झाडाची असली तरी तेल-मसाला दुकानातला असेल तर बरणीवर ‘सेंद्रिय लोणचं’ लिहू नका म्हणावं, ‘घरगुती’ लिहा, तेवढ्यावरही खपतं.