हौसेच्या कामाचे पैसे मागावेत का?

आपले पत्र मिळाले. सुट्टीच्या दिवशी हौसेने सुतारकाम करणाऱ्या आपल्याकडे मैत्रिणीच्या नणंदेने दोन खणांची लाकडी पेटी विकत मागितली आणि तेव्हापासून किंमत सांगताना जीभ अडखळते, शिवाय पेटीतले दोष आठवून झोप लागत नाही, असे आपण लिहिता.

दोषांचे आधी पाहू. झाकणाच्या कडेला पटाशी निसटून उठलेला ओरखडा किंवा सांध्यातली केसभर फट यांची यादी ग्राहकापुढे वाचू नये; या गोष्टी करणाऱ्यालाच टोचतात आणि बोट ठेवून दाखवल्या की घेणाऱ्यालाही टोचू लागतात. मात्र दमट हवेत खालचा खण अडकतो, हे जे आपण शेवटी जाता जाता लिहिले आहे, तेच मला गंभीर वाटते. ओलाव्याने लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून खणाच्या बाजूच्या पट्ट्यांची वरची कड रंध्याने थोडी उतरवावी. खणांच्या तळाच्या अखंड फळ्या आपण चारही बाजूंनी चिकटवल्या आहेत. कोरड्या हवेत आकसताना त्या तडकू शकतात, तेव्हा नव्या फळ्या खाचेत सैल बसवाव्यात. एवढे झाल्याशिवाय पेटी देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता किंमत. वाया गेलेल्या तुकड्यांसह लाकूड, बिजागऱ्या, पॉलिश यांचा खर्च धरून त्यावर तासांची मजुरी लावावी. पण हात बसण्यात आणि चुकलेले पुन्हा करण्यात गेलेले तास ग्राहकाच्या माथी मारू नयेत. हीच पेटी आज नव्याने करायला घेतली तर जितका वेळ लागेल, तितकाच धरावा. ‘हौसेचे कसले पैसे?’ असे आपले यजमान म्हणतात. हौस आपली असली, तरी नाममात्र दाम सांगून आपण याच कामावर पोट असलेल्या कारागिराचा भाव नकळत पाडतो, हे त्यांच्या ध्यानात आलेले दिसत नाही. ओळखीखातर सवलत द्यायचीच असेल, तर आधी पूर्ण किंमत सांगून मग सूट द्यावी, म्हणजे पुढच्या ग्राहकापर्यंत खरा आकडा पोहोचेल.

रक्कम सांगितल्यावर लगेच ‘जास्त वाटत असेल तर...’ असे मात्र म्हणू नये. त्या नको म्हणाल्या, तर पेटी आपल्याच घरी राहील, आणि पत्रावरून तरी त्याचे आपल्याला फारसे दुःख होईलसे वाटत नाही.