किक आणि बास एकमेकांना खातात तेव्हा

प्रश्न : मी आर्वी तालुक्यात लग्नाच्या वरातीत डीजे वाजवतो आणि रात्री लॅपटॉपवर हाऊस (क्लबात नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत) ट्रॅक बनवतो. हेडफोनमध्ये दणका बसतो, पण गाडीवरच्या सिस्टिमवर बास नुसता घुमतो, डफडं ऐकूच येत नाही. काय चुकतं? यावर पोट भरेल का?
— एक वाचक, वर्धा जिल्हा

उत्तर : आधी नवा अॅम्प्लिफायर घेऊ नका. किक (ड्रमचा जाड ठोका) आणि बास (खालच्या सुराची धून) दोन्ही ५०-६० हर्ट्झवर ठेवले की ते एकमेकांना खातात. खालची जागा एकालाच द्या. किक ५५ला असेल तर बासचा जोर ८० ते १००वर घ्या. मग बासवर किकचा साइडचेन लावा, म्हणजे किक पडली की बास आपोआप दबेल. १२४ बीपीएमला (मिनिटाला १२४ ठोके) एक ठोका ४८४ मिलिसेकंदांचा, म्हणून रिलीज, म्हणजे बास परत वर यायला लागणारा वेळ, १५० ते २०० मिलिसेकंद ठेवा आणि बास ४ ते ६ डेसिबल दाबा. रिलीज ४०० केलात तर बास परत येईपर्यंत पुढची किक पडते आणि ट्रॅक लंगडतो.

वरातीच्या सिस्टिम बहुतेक मोनोत चालतात, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र करून एकच वाजवतात. स्टीरिओत डावीकडे-उजवीकडे पसरवलेला बास तिथे डावा-उजवा मिळून स्वतःलाच पुसतो. १२० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो ठेवा.

डफडं शेकल्यावर लगेच रेकॉर्ड करा. चामडं थंड झालं की सूर उतरतो आणि दोन टेक जुळत नाहीत. मोबाइल दीड मीटर दूर, थोडा तिरका धरा. त्याचा १०० हर्ट्झखालचा भाग कापा, २ ते ४ हजार हर्ट्झमध्ये थोडं उचला. लय घड्याळाला घट्ट बांधू नका, त्या किंचित ढिलाईतच डफड्याची जान आहे.

लॅपटॉपला चार्जर लावल्यावर गुणगुण येते का? बॅटरीवर थांबली तर तो अर्थिंगचा दोष. लॅपटॉप आणि सिस्टिमच्या मध्ये डीआय बॉक्स (ही गुणगुण तोडणारी छोटी डबी) लावा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीच तोडू नका, जनरेटरवर तर जिवावर बेतेल.

आता पोटाचं. हाऊसचे जनक मानले जाणारे डीजे फ्रँकी नकल्स शिकागोच्या वेअरहाऊस क्लबात १९७७ पासून वाजवत. जुनी डिस्को गाणी लांबवून ते नाचणाऱ्यांसमोरच पारखत. तुमच्याकडे वरात आहे. पण वरातीला धीर नसतो. क्लबसाठीची ३२ बारची (एक बार म्हणजे चार ठोके) सुरुवात १२४ला ६२ सेकंद चालते, तेवढ्यात मंडळी नाचायची थांबतात. म्हणून प्रत्येक ट्रॅकच्या दोन आवृत्त्या काढा, वरातीची ८ बारची आणि क्लबची ३२ची. पहिली काही वर्षं घर सिझनवरच चालेल, लग्नाची कामं सोडू नका. सिनेमाच्या गाण्याचा आवाज उचलून ट्रॅक टाकलात तर तो कधीही काढला जाईल. त्यापेक्षा गावातला गळा घ्या. गाणाऱ्याचं आणि डफडंवाल्याचं नाव, त्यांचा वाटा, दोन्ही रेकॉर्डिंगच्या आधीच कागदावर लिहून सह्या घ्या.