मामंजी आळशी झालेत की आजारी?

"व्यायामाचं नाव काढलं की मामंजी भिंतीकडं तोंड करून झोपतात. याला आळस म्हणायचा की आजार, तुम्हीच सांगा की मॅडम."

वडगावच्या त्या सूनबाईंनी खुर्चीत टेकायच्या आधीच हे विचारलं. पार्किन्सन हा मेंदूचा आजार असलेल्या घरांतून हा प्रश्न मला सतत येतो, शब्द तेवढे बदलतात. (इथंही ओळख पटू नये म्हणून बारकावे बदललेत.)

मामंजी शेजारीच होते. वय ६७, हयात मागावर गेलेली. आधी हातमाग, मग यंत्रमाग. निदान होऊन ३ वर्षं झालेली. आवाज इतका खाली की मलाच खुर्ची पुढं ओढावी लागली. नात म्हणते, आज्जा सारखा रागावलेला असतोय. आज्जा रागावलेला नव्हता. या आजारात चेहऱ्याची हालचालही मंदावते, हसू आतल्या आत राहतं. हे ऐकून सूनबाई जरा वेळ गप्प झाल्या.

मेंदूतल्या डोपामिन (हालचालीचे निरोप पोचवणारं रसायन) तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात, म्हणून अंग जड होतं, एवढं त्यांना डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण उठून काहीतरी करावं ही इच्छासुद्धा बरीचशी डोपामिनवर चालते. इंजिन आहे, पण किल्ली फिरत नाही, अशी गत. त्याला आळस म्हटलं की माणूस आणखी मिटतो.

एवढं समजावून मग मीच चूक केली. त्यांना तक्ता दिला: रोजचे व्यायाम, पुढं खूण करायची. पंधरा दिवसांनी तक्ता भरून आला, एकही रकाना रिकामा नाही. सगळ्या खुणा सूनबाईंच्या हातच्या! पार्किन्सनमध्ये अक्षर बारीक होत जातं, या खुणा मात्र ठसठशीत.

मग वेळापत्रक विचारलं. व्यायाम पहाटे साडेपाचला, पहिली गोळी आठला. म्हणजे रात्रभरात औषधाचा असर उतरलेला, अंग लाकूड झालेलं, आणि त्याच वेळी घरातलं माणूस डोक्याशी उभं. कोण उठेल? न्यूरॉलॉजिस्टना विचारून चालण्याची वेळ नऊवर नेली, गोळी लागू पडते तेव्हाची. उभं राहिल्यावर रक्तदाब उतरतो का हेही त्यांनी तपासलं. पडण्याची भीती असलेल्या माणसाला आधी 'चला' म्हणायचं नसतं, हे पाहायचं असतं.

तरी ते घराबाहेर पडेनात.

पार्किन्सन झालेल्या माणसाचं जगणं कसं चाललंय हे पाहायला ३९ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात. त्यात फिरण्याचे प्रश्न १०, आणि लाजेचे ४. आजार लपवावासा वाटला का, चारचौघांत खाणंपिणं टाळलं का, असे. तिथं मामंजी पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलले. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर ते चौघं रोज जमायचे, दोघं मराठी, दोघं कानडी. एकदा कप हिंदकळून चहा शर्टावर सांडला, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "सकाळ सकाळीच घेऊन आलंय वाटतं." त्या दिवसापासून त्यांचं टपरीवर जाणं बंद. आयुष्यात थेंबाला न शिवलेला माणूस!

व्यायामानं चालणं आणि तोल सुधारतो याबद्दल अभ्यासांचा कौल बराच स्पष्ट आहे. मन आणि माणसांत मिसळणं यांवर काय परिणाम होतो, तिथं मात्र निष्कर्ष एकसारखे नाहीत. मला त्याचं नवल वाटत नाही. बंद खोलीत वीस वेळा हात वर केले तर खांदा सुटेल, टपरीवरची लाज कशी सुटेल?

म्हणून ठरलं ते एवढंच: टपरीपर्यंत चालत जायचं. तिथं काय बोलायचं याचा सराव आम्ही दोन बैठका केला, आवाज मोठा काढायच्या व्यायामासकट. "दारू न्हवं, मेंदूचा आजार हाय, पार्किन्सन म्हणतात." चहा मोठ्या ग्लासात अर्धाच घ्यायचा.

दुसरी अडचण उंबरठ्याची. दारात आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे. फिजिओथेरपिस्टनी जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या आणि ताल धरायला सांगितलं. बाहेरचा ताल किंवा खूण मिळाली की थिजलेलं पाऊल बऱ्याचदा सुटतं. टाळ्या त्यांना पटल्या नाहीत. त्यांनी स्वतःच धोट्याचा (मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडं धावतो तो) ताल काढला, हातमागाच्या दिवसांतला. दारात थबकून पुटपुटायचे, खट... खटक, आणि पाऊल पडायचं.

पहिल्या दिवशी टपरीवर एक कानडी मित्र लांबूनच ओरडला, "बर्री, बर्री!" म्हणजे या, या. पाठ केलेलं वाक्य अर्धंच बोलून झालं म्हणे. पुरलं तेवढं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. पावसाळ्यात बाहेर पडणं थांबलं तेव्हा ते पुन्हा भिंतीकडं वळले, झोप उडाली, "कशाला जगायचं" असंही एकदा बोलले. तेव्हा मी चालण्याचा आग्रह धरला नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडं पाठवलं. पार्किन्सनमध्ये नैराश्य बऱ्याच जणांना येतं, ते आजाराचाच भाग असतं आणि त्याला औषध लागू शकतं.

परवा सूनबाई एकट्याच आल्या होत्या. म्हणाल्या, मामंजींची आता नवी तक्रार आहे. टपरीवाल्यानं त्यांच्यासाठी मोठा ग्लास वेगळा ठेवलाय, पण चहा अर्धाच घेतात तरी पैसे पूर्ण लावतोय.