बसला रॅम्प आहे, तरी चढता येत नाही. मग सुधारणा कुठून सुरू करायची?

तुम्ही विचारलंय की पैसे मोजकेच असतील, तर दिव्यांग प्रवाशांसाठी सार्वजनिक वाहतुकीत आधी काय सुधारावं. मी बरीच वर्षं व्हीलचेअरवरून एकटा बसने प्रवास करतो. माझं उत्तर: आधी थांबा नीट करा, आणि बस थांब्याला खेटून उभी राहील असं बघा.

लो-फ्लोअर बसचा मजला रस्त्यापासून साधारण ३० सेंटिमीटरवर असतो. दाराकडची बाजू खाली झुकवली की तो २५ च्या आसपास येतो. दारातला घडीचा रॅम्प समजा एक मीटरचा आहे. तो थेट रस्त्यावर टेकला तर चढ होतो एकास चार, म्हणजे चार सेंटिमीटर पुढे गेलं की एक सेंटिमीटर वर. इमारतीत रॅम्प बांधताना एकास बारा धरतात, यावरून कल्पना करा. हातांनी चाकं फिरवून हा चढ मला चढता येत नाही, आणि मागून कुणी ढकललं तर खुर्ची उलटेल ही धास्ती. तोच रॅम्प १५ सेंटिमीटर उंच थांब्यावर टेकला की चढ एकास दहा होतो, आणि मी कुणाला हाक न मारता आत जातो. पण थांब्यासमोर कुणी गाडी लावून गेलं असेल, तर चालकाची इच्छा असूनही बस कडेला येत नाही. त्यामुळे तिथलं पार्किंग हटवणं हेही याच कामात धरा.

माझा एक मित्र दृष्टिहीन आहे. त्याची अडचण निराळी. तीन बस एकामागोमाग आल्या की त्यातली आपली कोणती, हे त्याला बाहेर उभं असताना ऐकू यायला हवं. आतली घोषणा ऐकायला आधी योग्य बसमध्ये चढावं लागतं! ज्यांना ऐकू येत नाही त्यांना हीच माहिती ठळक अक्षरांत हवी. पायाला जाणवणाऱ्या उठावाच्या फरशा जपानच्या सेइइची मियाके यांनी तयार केल्या, १९६७ मध्ये त्या ओकायामात पहिल्यांदा बसवल्या गेल्या. रेघा म्हणजे पुढे चला, ठिपके म्हणजे सावध व्हा. माझ्या मित्राला अशीच एक पट्टी सरळ विजेच्या खांबापाशी घेऊन गेली होती. कपाळाला लागलं त्याच्या.

रेल्वे स्थानकातली लिफ्ट बंद असेल तर ते घरून निघण्यापूर्वी कळायला हवं. मला एकदा फलाटावर उतरल्यावर कळलं. पुन्हा गाडीत चढून पुढच्या स्थानकावर उतरलो आणि तिथून रस्त्याने मागे आलो.

आणि वेळापत्रक. रॅम्प उघडायला, खुर्ची पट्ट्याने बांधायला दोन-तीन मिनिटं लागतात. ती फेरीच्या वेळेत धरलेली नसतील तर चालक मला बघून पुढे निघून जातो. मला वाईट वाटतं, पण उशिराचा जाब त्यालाच द्यावा लागतो हेही मला दिसतं. ती मिनिटं आधी कागदावर धरा, मग चालकाला प्रशिक्षण द्या.