पत्रावरून उपचार करणारे अठराव्या शतकातले डॉक्टर

प्रश्न असा आहे: अठराव्या शतकात युरोपातले नावाजलेले डॉक्टर रुग्णाला न बघता नुसत्या पत्रावरून औषध सांगत, मग ही फसवणूक नव्हती का? आणि त्यातून कोणी बरं होत होतं का?

पहिल्या भागाला माझं उत्तर सरळ ‘नाही’ आहे. दुसऱ्याला वेळ लागेल.

आपण आजच्या तपासणीच्या खोलीतून मागे बघतो, म्हणून घोटाळा होतो. त्या काळी समोर बसलेल्या रुग्णालाही डॉक्टर फारसा हात लावत नसत. नाडी बघायची, जीभ बघायची, चेहऱ्याचा रंग आणि लघवी बघायची, बस्स. छातीवर बोटांनी ठोकून आवाजावरून आतलं ओळखण्याची पद्धत व्हिएन्नाच्या आउएनब्रुग्गर यांनी १७६१ मध्ये छापली. पण १८०८ मध्ये फ्रेंच डॉक्टर कोर्व्हिसार यांनी तिचं फ्रेंच भाषांतर करेपर्यंत बहुतेकांनी तिकडे लक्षच दिलं नाही. स्टेथोस्कोप आला १८१६ मध्ये. तापमापी रोजच्या वापरात यायला एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. तेव्हा निदानाचा खरा आधार होता रुग्णाने सांगितलेली हकीकत. दुखणं कधीपासून, सुरुवात कशी झाली, काय खाता, झोप कशी, शौचाला साफ होतं का, मनाला कसली काळजी लागली आहे का. आजार म्हणजे एका अवयवातला बिघाड नव्हे, सगळ्या प्रकृतीचा तोल जाणं, अशी समजूत होती. आणि प्रकृतीची कहाणी कागदावर नीट लिहिता येते. उलट घाईघाईत तोंडी सांगताना राहून जाणाऱ्या गोष्टी शांतपणे बसून लिहिताना आठवतात. म्हणजे पोस्टाने सल्ला घेताना रुग्णाचं जे नुकसान होई, ते आपल्याला वाटतं त्यापेक्षा पुष्कळ कमी होतं.

या सगळ्याचा सर्वात भरघोस पुरावा स्कॉटलंडमधल्या एडिंबरोचे डॉक्टर विल्यम कलन (१७१०–१७९०) यांच्या दप्तरात आहे. तिथल्या विद्यापीठात ते आधी रसायनशास्त्राचे आणि नंतर वैद्यकाचे प्राध्यापक होते. त्यांचा पत्रव्यवहार एडिंबरोच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सकडे जपून ठेवलेला आहे, आणि ग्लासगो विद्यापीठाने तो डिजिटल करून सर्वांसाठी खुला केला आहे. पाच हजारांहून जास्त पत्रं आहेत. स्कॉटलंडच्या खेड्यांतून तर ती येतच, शिवाय इंग्लंड, आयर्लंड, अमेरिकेतल्या वसाहती आणि वेस्ट इंडीजमधूनही येत. काही रुग्णांनी स्वतः लिहिलेली, काही नवऱ्याने, आईने किंवा भावाने. बरीचशी गावातल्या सर्जनने किंवा औषधविक्याने लिहिलेली: ‘मी अमुक दिलं, गुण आला नाही, आता आपण काय सुचवता?’ तेव्हा ‘न बघता’ हेही पूर्ण खरं नाही. अशा वेळी नाडीवर हात कोणाचा तरी असे, फक्त तो कलनचा नसे.

कलनची उत्तरं आज आपल्याला वाचता येतात, कारण ते प्रत ठेवत. सुरुवातीला लेखनिक हाताने नक्कल करी. मग जेम्स वॅटने (वाफेच्या इंजिनाचा तोच वॅट) १७८० मध्ये नक्कल करण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि कलनने ते लगेच वापरायला घेतलं. खास शाईने पत्र लिहायचं, त्यावर पातळ ओलसर कागद ठेवून दाबायचा. शाई त्या कागदावर उमटते, पण उलटी. कागद इतका पातळ की मागच्या बाजूने बघितलं की अक्षरं सुलटी वाचता येतात. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. फसवणूक करणारा माणूस स्वतःच्या प्रत्येक सल्ल्याची प्रत कशाला ठेवेल? चार महिन्यांनी त्याच रुग्णाचं पत्र आलं तर मागे काय सांगितलं होतं ते काढून बघता यावं, यासाठी हा सगळा खटाटोप होता.

त्या उत्तरांत आधी राहणीमान येतं, औषध बहुधा नंतर. अंगाला लागून फ्लॅनेल घाला, पाय ओले होऊ देऊ नका, घोड्यावरून रपेट करा, जड जेवण आणि मद्य कमी करा, दूध घ्या. मग औषधाची चिठ्ठी, जी गावातल्या दुकानातून बनवून घ्यायची.

स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे डॉक्टर तिसो (१७२८–१७९७) यांनी तर पत्र कसं लिहावं हेच लोकांना शिकवलं. जिथे डॉक्टर पोचत नाही अशा खेड्यांसाठी त्यांनी १७६१ मध्ये एक पुस्तक काढलं. ते पाद्री, शिक्षक, जमीनदार अशा गावातल्या शिकलेल्या माणसांच्या हाती जावं, हा हेतू होता. त्यात प्रश्नांची एक यादीच दिली आहे: रुग्णाचं वय किती, एरवी तब्येत कशी असते, आयुष्यक्रम कसा आहे, आजार किती दिवसांचा, सुरू कसा झाला. बायकांसाठी आणि मुलांसाठी वेगळे प्रश्न. आज आम्ही ज्याला ‘हिस्टरी घेणं’ म्हणतो, त्याचा हा जवळजवळ पूर्ण आराखडा आहे. त्यांना आलेली हजाराहून अधिक पत्रं लोझानच्या ग्रंथालयात आहेत. त्यांतली काही तरुण मुलांची आहेत. घरात कोणापुढे उच्चारता येणार नाही असं त्यांनी अनोळखी डॉक्टरला लिहिलं, कारण समोर नजर भिडवायची नव्हती.

एक प्रसिद्ध उदाहरण सांगतो. १७८४ च्या मार्चमध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध इंग्रजी लेखक आणि कोशकार सॅम्युअल जॉन्सन दमा आणि अंगावरच्या सुजेने बेजार होते. त्यांचे मित्र आणि पुढे चरित्रकार झालेले बॉसवेल तेव्हा एडिंबरोला होते. त्यांनी जॉन्सन यांची हकीकत लिहून कलन, होप आणि मन्रो या तिथल्या तीन डॉक्टरांचं मत मागवलं आणि उत्तरं लंडनला पाठवली. लंडनमध्ये उत्तमातले उत्तम डॉक्टर जॉन्सन यांच्या दिमतीला होतेच, तरीही दूरच्या तिघांचं मत घ्यावंसं वाटलं. यालाच आपण आज सेकंड ओपिनियन म्हणतो. त्याच वर्षी १३ डिसेंबरला जॉन्सन गेले.

यावरून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. सिंकोनाच्या सालीने हिवताप हटे आणि अफूने वेदना थांबत. बाकी रक्त काढणं, अंगावर मुद्दाम फोड आणणं, वांत्या करवणं यांनी भलं होण्यापेक्षा त्रासच जास्त झाला असणार. पण तेच उपचार रुग्ण एडिंबरोला जाऊन बसला असता तरी झाले असते, हे लक्षात घ्या. दोष पोस्टाचा नव्हता, त्या काळच्या औषधांचा होता. पोस्टाची खरी अडचण होती वेळ. वेस्ट इंडीजहून पत्र यायलाच कित्येक आठवडे लागत, तोवर दुखणं कुठल्या कुठे गेलेलं असे. म्हणून तीव्र तापात या पद्धतीचा उपयोग नव्हता. संधिवात, अपचन, जुना खोकला, मनाची उदासी असे रेंगाळणारे आजारच पत्रांत जास्त दिसतात. खर्चही होताच. टपालाचे पैसे पत्र घेणाऱ्याने द्यायचे, आणि पानं वाढली की दर वाढे. डॉक्टरची फी वेगळी. त्यामुळे गरिबाचा आवाज या दप्तरात फारच कमी ऐकू येतो, आणि आला तरी बहुधा दुसऱ्या कोणाच्या अक्षरात.

किती बरे झाले हे मात्र पत्रांवरून मोजू नका. बरा झालेला माणूस पुन्हा लिहीत नाही, गेलेलाही लिहीत नाही. वारंवार लिहिणारा असतो तो अर्धवट बरा असलेला, आणि दप्तर त्याच्याच पत्रांनी भरलेलं आहे.

फोनवरच्या सल्ल्याशी तुलना कोणी करणार असेल, तर एक फरक ध्यानात ठेवा. आपल्याकडे मार्च २०२० मध्ये आलेल्या टेलिमेडिसिनच्या नियमांत मेसेज, फोन आणि व्हिडिओ तिन्हींना परवानगी आहे, पण अमली औषधं अशा सल्ल्यातून लिहून देता येत नाहीत. कलन यांच्यावर असं बंधन नव्हतं. अफू किती द्यायची हे ते पत्रातून सांगू शकत, आणि चुकलं तर ते कळायला पुढच्या टपालाची वाट बघावी लागे.

ग्लासगोचं संकेतस्थळ उघडलंत, तर सुटं पत्र वाचू नका. एकाच रुग्णाची पत्रं आणि त्यांची उत्तरं तारखेने लावून ओळीने वाचा.