‘लागलं का हो?’ विचारलं, ते चुकलं का?

गाडी आणि विमा : वाचकांचे प्रश्न

सव्वीस वर्षं मी मोटार सर्व्हेअर, म्हणजे विम्यासाठी गाडीचं नुकसान तपासणारी, होते. ठोकलेल्या गाडीखाली विजेरी घेऊन वाकायचं आणि वर आल्यावर दोन्ही मालकांच्या शपथा ऐकायच्या, हे माझं काम. या वेळच्या पत्रांतली चार घेतली आहेत. पहिल्याला जागा जास्त दिली आहे, कारण त्यात प्रश्न एक आणि गैरसमज तीन आहेत.

ताई, नमस्कार. सिग्नलच्या अलीकडे पुढच्या गाडीने अचानक ब्रेक मारला आणि माझी गाडी तिच्यावर मागून आदळली. मी उतरून आधी ‘सॉरी हो, लागलं का कुणाला?’ असं विचारलं. आता समोरचे गृहस्थ म्हणतात, सॉरी म्हणालात म्हणजे चूक कबूल केलीत. शिवाय मागून ठोकणारा नेहमीच दोषी असतो. मी शपथेवर सांगतो, त्यांचे ब्रेकलाइट लागलेच नव्हते. दोन्ही गाड्या गॅरेजला गेल्या आहेत. माझं काही चालेल का?

आधी गॅरेजला फोन करा, उत्तर नंतर वाचा. त्यांच्या गाडीचा फुटलेला टेललॅम्प कचऱ्यात टाकू नका म्हणावं, आणि तुमच्या विमा कंपनीला तो तपासायची लेखी विनंती करा. का, ते सांगते.

‘लागलं का’ हे विचारलंत ते उत्तमच केलंत. ‘सॉरी’ हा शब्द कुणाच्या जबाबात आला तर त्याला थोडंफार वजन येतं, नाही असं नाही. पण माणसं घाबरून, संस्कारांपोटी, समोरच्या गाडीत लहान मूल रडताना दिसलं म्हणूनही सॉरी म्हणतात, हे विमा कंपन्यांनाही ठाऊक असतं. युरोपात अपघातानंतर दोन्ही चालकांनी जागेवरच भरायचा एक छापील फॉर्म असतो. त्यात ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन गाड्यांचे रकाने आणि मध्ये सतरा परिस्थिती: गाडी उभी होती, दार उघडत होते, रिव्हर्स घेत होते, लेन बदलत होते, त्याच रांगेतल्या पुढच्या गाडीला मागून धडक दिली, वगैरे. आपल्याला लागू असेल तिथे खूण करायची आणि खाली रस्त्याचं चित्र काढायचं. ‘चूक कोणाची’ हा रकाना मात्र त्यात नाही! फॉर्म करणाऱ्याने बरेच अपघात पाहिले असावेत. तुम्हीही जबाब देताना ‘माझी गाडी इथे होती, वेग इतका होता, मला अमुक दिसलं’ एवढंच सांगा.

आता ‘मागचा नेहमीच दोषी’. त्यातलं ‘नेहमीच’ खोडून ‘बहुतेक वेळा’ लिहा. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ 17 मीटर. पुढे काहीतरी झालं हे डोळ्याने पाहून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर ब्रेक लागायच्या आतच गाडी 25 मीटर पुढे गेलेली असते. तेवढं अंतर सोडायची जबाबदारी मागच्याची, म्हणून पहिला संशयही त्याच्यावर. संशयच तो, उलट पुरावा आला की हलतो. पुढची गाडी रिव्हर्समध्ये होती, ऐन वेळी कट मारून तुमच्या पुढ्यात घुसली, किंवा तिचे ब्रेकलाइट बंद होते, असं दिसलं तर वाटणी बदलते.

आणि ब्रेकलाइटचं म्हणाल, तर खरंखोटं त्या टेललॅम्पला विचारता येतं. अशीच एक केस माझ्याकडे होती. मागचा चालक छातीवर हात ठेवून सांगत होता, दिवे लागले नव्हते. सगळे बंपर बघत होते. मी दिवा उघडून बल्ब काढला. जुन्या पद्धतीच्या या बल्बमध्ये तारेची दोन वेटोळी असतात, 21 वॉटचं ब्रेकसाठी आणि 5 वॉटचं रात्रीच्या दिव्यासाठी. तार पेटलेली असते तेव्हा पांढरीफटक तापलेली आणि मऊ असते, त्यामुळे धक्का बसला की ताणलेल्या स्प्रिंगसारखी विस्कटते, वेढे एकमेकांपासून लांब जातात. थंड तार तशी ताणली जात नाही, जशीच्या तशी राहते नाहीतर कट्‌कन तुटते. शिवाय दिवा लागलेला असताना काच फुटली तर तापलेल्या तारेला हवा लागते आणि आसपास पिवळट-पांढरी भुकटी धरते. मी भिंगाखाली पाहिलं. ब्रेकचं वेटोळं एका बाजूला ओघळल्यासारखं लोंबत होतं. म्हणजे दिवा लागला होता. तो माणूस खोटारडा नव्हता हो. त्याची नजर आरशात असावी, दिवा पाहिलाच नाही, आणि ‘पाहिला नाही’चं चार दिवसांत ‘लागला नव्हता’ झालं. तुमचंही असंच निघू शकतं, मनाची तयारी ठेवा. एलईडी दिवे असतील तर तार नसते, ही परीक्षा बाद. मग डॅशकॅम किंवा मागच्या गाडीवाल्याची साक्ष.

स्वतःच्या गाडीचंही बघून घ्या. जोरात ब्रेक मारला की गाडीचं नाक खाली दबतं, त्यामुळे पुढच्या गाडीवरची तुमच्या बंपरची खूण नेहमीच्या उंचीपेक्षा खाली उमटते. खूण बरोबर बंपरच्या उंचीवर असेल तर सर्व्हेअर विचारणारच, ब्रेक मारला तरी होता का?

समजा बल्ब खरंच गेलेला निघाला, तरी तुम्ही साफ सुटाल असं समजू नका. दोष वाटला जातो. पूर्वी वाटत नसत. 1809 साली इंग्लंडात एक खटला झाला. एकाने घराच्या दुरुस्तीसाठी रस्त्यात आडवा वासा टाकला होता. दुसरा दिवेलागणीला घोडा भरधाव सोडून आला आणि त्यावर आपटला. वासा शंभर यार्डांवरून दिसेल एवढा उजेड होता. वासा टाकणाऱ्याचं चुकलंच होतं, पण स्वाराचंही चुकलं म्हणून त्याला दमडी मिळाली नाही. ही ‘सगळं नाहीतर काहीच नाही’ची रीत इंग्लंडात 1945 च्या कायद्याने मोडली आणि भरपाईतून ज्याच्या-त्याच्या चुकीइतका हिस्सा कापायला सुरुवात झाली. अमेरिकेत अलाबामा, मेरीलँड, नॉर्थ कॅरोलिना, व्हर्जिनिया या राज्यांत मात्र जुनंच तत्त्व अजून चालतं. तुमच्या पत्रावरून मला वाटतं, बल्ब गेलेला निघाला तरी मोठा वाटा तुमच्याकडेच राहील, कारण पुढे सिग्नल आहे हे तुम्हालाही दिसत होतं.

पार्किंगमध्ये उभ्या गाडीला कुणीतरी घासून गेलं. दोन दारं आणि मागचं मडगार्ड. पठ्ठ्या सापडला नाही. गॅरेजवाला म्हणतो क्लेम करा, मेव्हणे म्हणतात करू नका, प्रीमियम वाढेल. चूक माझी नाही, मग माझा प्रीमियम का वाढावा?

तुमचा राग समजतो. पण ‘चूक कोणाची’ आणि ‘क्लेम कोणी घेतला’ या दोन वेगळ्या वह्या आहेत. प्रीमियम कोणत्या वहीवरून ठरतो, हे देशागणिक आणि पॉलिसीगणिक बदलतं.

फ्रान्समध्ये दोषाची वही चालते. तिथे प्रत्येकाचा एक गुणांक असतो, प्रीमियम त्याने गुणला जातो, सुरुवात 1 पासून. दोषाचा अपघात न करता वर्ष गेलं की त्याला 0.95 ने गुणायचं, तळ 0.50. पूर्ण दोष तुमचा असेल तर 1.25 ने, निम्मा असेल तर 1.125 ने. म्हणजे 0.80 वर असलेला माणूस एका अपघाताने 1 वर येतो. दोष अर्धाअर्धा ठरला तर 0.90 वर. दोष तुमचा नसेल तर गुणांक हलत नाही. तिथे असता तर तुमचा मुद्दा बिनतोड होता.

भारतातल्या पॉलिसीत नो क्लेम बोनस असतो, आणि तो नावाप्रमाणेच वागतो. क्लेम नाही तर बोनस. चूक कोणाची हे तो विचारतच नाही. स्वतःच्या नुकसानीच्या, म्हणजे ओन डॅमेजच्या प्रीमियमवर पहिल्या क्लेमविना वर्षानंतर 20 टक्के सूट, मग 25, 35, 45 आणि 50. थर्ड पार्टीच्या, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीसाठीच्या प्रीमियमशी त्याचा संबंध नाही. एक क्लेम घेतला की सापशिडीतल्या सापासारखं थेट शून्यावर.

आता मेव्हण्यांचा हिशेब करून बघू. सूट नसताना ओन डॅमेजचा प्रीमियम 100 धरा. तुम्ही 50 टक्क्यांच्या पायरीवर आहात, म्हणजे 50 भरता. क्लेम घेतलात तर पुढच्या वर्षी 100, मग 80, 75, 65, 55 आणि मग पुन्हा 50. दर वर्षी जास्तीचे किती गेले? 50, 30, 25, 15, 5. बेरीज 125. म्हणजे एका क्लेमची किंमत पाच वर्षांत मिळून सवा वर्षाचा पूर्ण प्रीमियम. गाडी जुनी होते तसा मूळ प्रीमियम उतरतो, म्हणून प्रत्यक्षात थोडी कमी धरा. दुरुस्तीच्या बिलातून तुमच्या खिशातून जाणारा ठरावीक हिस्सा आणि घसारा वजा करा. उरलं ते या आकड्याच्या खाली असेल तर मेव्हण्यांचं ऐका. बरंच वर असेल तर गॅरेजवाल्याचं. बोनस वाचवणारं जोडकलम पॉलिसीला असेल तर प्रश्नच मिटला, पण ते किती क्लेमपुरतं आहे ते बारीक अक्षरांत वाचा.

गॅरेजवाला क्लेमच करा म्हणतो त्यात त्याचंही थोडं सुख असतं, एवढं बोलून गप्प बसते.

अपघातात पूर्ण चूक समोरच्याची होती, हे मान्य झालंय. तरी माझ्या काकांच्या भरपाईत कपात, कारण त्यांनी पट्टा लावला नव्हता. पट्ट्यामुळे अपघात थोडाच झाला?

नाही झाला. पण काकांना जे लागलं, त्यातलं काही पट्ट्याअभावी लागलं. टक्कर कोणामुळे झाली आणि इजा कशाने वाढली, हे वेगळे प्रश्न धरतात. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने 1975 च्या निकालात याचं मापच घालून दिलं. पट्टा असता तर इजा झालीच नसती, तिथे भरपाईत 25 टक्के कपात; बरीच कमी झाली असती, तिथे 15; आणि पट्टा असूनही तेवढंच लागलं असतं तर कपात नाही. सगळीकडे हेच आकडे नसतात. पण भांडायचं तर या तिसऱ्या मुद्द्यावर. काकांचा पाय डॅशबोर्ड आत आल्यामुळे मोडला असेल, तर पट्ट्याने तो वाचला असता का, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. कपाळावरच्या टाक्यांबद्दल मात्र वाद घालू नका.

समोरचा म्हणाला, विम्याच्या भानगडीत नको, जागेवर मिटवू. मिटवलं. आठ दिवसांनी डिकी लागेना. आता?

बंपरचं प्लास्टिक दाबलं गेलं तरी परत फुगून बाहेर येतं आणि आतला पत्रा दुमडलेलाच राहतो. तेच झालंय. त्याने ‘पूर्ण व अंतिम’ असं काही लिहून घेतलं असेल तर त्याच्याकडून आणखी निघणं कठीण. लिहून घेतलं नसेल तर आजच फोटो काढून त्याला कळवा. आणि अपघात झाल्याचं विमा कंपनीला कळवायचं राहिलंय ना? क्लेम घ्यायचा नसला तरी कळवायचं असतं, तशी अट बहुतेक पॉलिसीत असते. आठ दिवसांचा उशीर का झाला, ते खरं लिहा. डिकी उघडायला गॅरेजवाल्याला सर्व्हेअर येईपर्यंत हात लावू देऊ नका.